बाजरी, ऊस आणि प्लॉट : बेलापूरच्या जमिनीची हकीकत

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा संपादक-भगिनींनी 'गावाचा इतिहास' हा विषय माझ्याकडे सोपविला. गावाचा इतिहास म्हटला की देवळे, घाट, वाडे आणि थोर पुरुष यांची यादी द्यावयाची, असा आपल्याकडे प्रघात आहे. ती यादी येथील कोणाही वडीलधाऱ्या माणसास तोंडपाठ असते. ती मी पुन्हा लिहून कागद कशाला खर्ची घालू? देवळे आपल्या जागी उभी आहेत. बदलली आहे ती जमीन. तिच्यावर काय पिकते, तिला पाणी कोठून येते आणि कागदावर ती कोणाची आहे, या तिन्ही गोष्टी गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत पुनःपुन्हा पालटल्या. हा पालट कचेरीत बसून पुरुषांनी लिहिला आणि घरात चुलीपाशी बायकांनी सोसला. म्हणून बायकांच्या मंडळाने त्याची हकीकत लिहून ठेवावी हे मला रास्त वाटले.

आधी आपल्या नावाचीच गंमत सांगते. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. तो प्रवरेकाठच्या आपल्या जुन्या बाजारपेठेच्या गावातून गेला नाही. दोन-अडीच कोस उत्तरेकडून गेला, आणि तेथील स्टेशनास 'बेलापूर रोड' असे नाव पडले. त्या काळी आपले गाव राहुरी तालुक्यात मोडत असे; १८८४ च्या सरकारी गॅझेटियरात तसेच आढळते. स्टेशनाभोवती वखारी आल्या, अडते आले, फाळणीनंतर सिंधी-पंजाबी कुटुंबे येऊन वसली. पेठ वाढत वाढत तिचे श्रीरामपूर झाले, आणि पुढे तालुक्याचे ठाणेही तेथेच गेले. लेकीने आईचे नाव घेऊन घराबाहेर पडावे आणि दोन पिढ्यांनी लोकांनी आईलाच लेकीच्या नावाने ओळखावे, तसे झाले. आज आपण पाहुण्यांना पत्ता सांगतो तो 'श्रीरामपूरजवळचे बेलापूर' असाच. नाहीतर पाहुणे थेट नव्या मुंबईतील बेलापूरला जाऊन पोहोचावयाचे! त्या बेलापूरची गोष्ट पुढे येईलच.

कालवा येण्यापूर्वीचे शिवार मी पाहिलेले नाही. माझ्या आजेसासूबाई त्याच्या गोष्टी सांगत. आपला भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला. वर्षाचा पाऊस वीस इंचांच्या आसपास, आणि तोही येईल त्या वर्षी खरा. शिवारात बाजरी, तूर, मठ, हुलगे. विहिरीवर मोट असेल त्याच्याकडे थोडा गहू नि भाजीपाला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ पडले, त्यांत नगर जिल्हा होरपळून निघाला. ते पाहूनच सरकारने पाटबंधाऱ्यांची चौकशी करण्यासाठी कमिशन नेमले (१९०१ ते १९०३), आणि दख्खनच्या दुष्काळी पट्ट्यात धरणे-कालवे बांधावेत असे ठरले. प्रवरेवर भंडारदऱ्याचे काम १९१० साली सुरू झाले. दोनशे सत्तर फूट उंचीचा तो बांध १९२६ साली पुरा झाला, आणि मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव त्यास मिळाले. सुमारे अकरा अब्ज घनफूट पाणी त्यात साठते. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेले डावा आणि उजवा हे दोन कालवे धरण पुरते होण्याआधीच वाहू लागले होते. श्रीरामपूरकडील जमिनी भिजल्या त्या डाव्या कालव्याने.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कालवा काढला तो दुष्काळात बाजरी-ज्वारी वाचावी म्हणून. परंतु पाऊस बरा झाला तर बाजरीवाला कालव्याचे पाणी कशाला विकत घेईल? तो आभाळाकडे पाहत बसणार. कालव्याचा खर्च निघावयाचा तर बारमाही पाणी मागणारे पीक पाहिजे. ऊस तसे पीक होता. विश्वेश्वरय्या हे पुढे मोठ्या कीर्तीस चढलेले इंजिनियर त्या वेळी मुंबई इलाख्याच्या नोकरीत होते. उसाने सारेच पाणी पिऊन टाकू नये म्हणून त्यांनी 'ब्लॉक' पद्धत सुचविली होती. एका ब्लॉकात तिसरा हिस्सा ऊस आणि बाकीच्या जमिनीत कमी पाण्याची पिके, अशी ती साधारण योजना. योजना शहाणपणाची होती. पण गोडाची चटक लागल्यावर तिसऱ्या हिश्शावर कोण थांबते! सासवडकडचे माळी बागाईतदार कालव्यांच्या पट्ट्यात आले, त्यांनी खंडाने जमिनी घेतल्या, आणि ऊस कसा करावा हे आपल्या लोकांनी पुष्कळसे त्यांच्याकडे पाहून उचलले. गावोगाव गुऱ्हाळे पेटली.

मग आली कंपनी. १९१८ च्या सुमारास सरकारने हरेगावच्या परिसरातील नऊ गावांची मिळून सात हजार एकरांच्या वर जमीन घेतली आणि साखर कंपनीस पट्ट्याने दिली. कंपनीने नाव घेतले 'बेलापूर'. म्हणजे स्टेशनापाठोपाठ साखरेच्या पोत्यावरही आपलेच नाव गेले, आणि कारखाना मात्र आपल्यापासून बराच दूर! १९२० च्या दशकात हरेगावी साखर निघू लागली. पाठोपाठ १९३३ साली महादेव लक्ष्मण डहाणूकर यांनी महाराष्ट्र शुगर मिल्स काढली, तिची वसाहत म्हणजे टिळकनगर. तेथील साखर पुढे मागे पडली आणि ब्रँडीमुळे ते नाव देशभर गेले. टिळकांचे नाव आणि ब्रँडी यांचा मेळ मला अद्याप बसविता आलेला नाही; असो.

हरेगावच्या त्या जमिनीस सरकारी दप्तरात जो शब्द आहे, तो भगिनींनी लक्षात ठेवावा : 'आकारी पडीत'. ज्या जमिनीचा आकार, म्हणजे सारा, थकला आणि म्हणून जी सरकारजमा होऊन पडीक नोंदली गेली, तिला हा शब्द लावतात. हरेगावच्या मळ्यांत पुरुषभर उंचीचा ऊस डोलत होता, कारखान्याचे भोंगे वाजत होते, आणि कागद म्हणत होता पडीत! त्या नऊ गावांतल्या वारसांनी जमीन परत मिळावी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या अर्ज केले, कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या. जमिनीवर काय उगवते याच्यापेक्षा कागदावर काय लिहिले आहे याला वजन अधिक असते, हे आपल्या तालुक्याने फार लवकर पाहिले.

आता मी ज्यासाठी लेखणी हाती घेतली त्या भागाकडे येते. बाजरी जाऊन ऊस आला तेव्हा घरात काय बदलले?

पहिली गोष्ट कणगीची. बाजरी घरात येत असे. ती कणगीत पडे, आणि कणगीवर सत्ता घरच्या बाईची. दळण किती काढावयाचे, भिक्षेकऱ्याला किती घालावयाचे, माहेरी जाताना पदरात काय बांधावयाचे, हे ती ठरवी. अडीअडचणीला शेरभर बाजरी देऊन ती बांगड्या भरी किंवा मीठ-मिरची आणी. त्यासाठी कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नसे. ऊस घरात येत नाही. तो शेतातूनच गाडीत भरून जातो, आणि त्याचे बिल खातेदाराच्या नावावर निघते. खातेदार म्हणजे पुरुष. घरात पैसा पूर्वीपेक्षा पुष्कळ आला, पत्र्याची घरे आली, पोरे शाळेत गेली, हे सारे खरे आणि चांगले. पण कणगी रिकामी झाली आणि खिसा भरला, आणि खिसा सदऱ्याला असतो, लुगड्याला नसतो. माझ्या सासूबाई म्हणत, "बाजरी होती तवा मी मालकीण व्हते, ऊस आला आन् मी मागणारीन झाले."

दुसरी गोष्ट जळणाची. बाजरीचे सरमाड, तुरीच्या तुराट्या, बांधावरच्या बाभळी, यांवर चूल चाले. उसाने बांध अरुंद केले, बाभळी गेल्या आणि हाती आले पाचट. ज्यांनी पाचटावर भाकरी भाजली आहे त्यांना मी काय सांगावयाचे! भपकन पेटते, आणि तवा तापायच्या आत विझून जाते. गुरांना कडबा होता, तो जाऊन वाढे आले. तेही गळिताच्या हंगामात मिळावयाचे, उन्हाळ्यात विकत घ्यावयाचे. कालव्याच्या काठाने हिवताप आला. घरोघरी पांघरुणे घेऊन कुडकुडणारी माणसे आणि कडू गोळ्यांचा वास, ही माझ्या लहानपणची आठवण आहे. १९५३ साली देशभर हिवतापविरोधी मोहीम सुरू झाली आणि भिंतींवर फवारे मारणारी माणसे येऊ लागली, तेव्हा कोठे उतार पडला.

आणि तिसरी गोष्ट पाण्याची. काळी जमीन, वरून बारमाही पाणी, खाली निचरा नाही. काही वर्षांनी विहिरींची पातळी वर आली. प्रथम सर्वांस आनंद झाला. पोहरा लांब सोडावा लागेना. पुढे सखल शेतांत उन्हाळ्यात पांढरी भुकटी दिसू लागली. जमिनीतला क्षार ओलीबरोबर वर चढून पृष्ठभागावर साचतो, आणि मग ती जमीन पावसात चिकट नि उन्हात दगडासारखी होते. आपण तिला चोपण म्हणतो. प्रवरा, गोदावरी, नीरा या साऱ्याच कालव्यांवर हे दुखणे उद्भवले आणि इंग्रजी अमदानीतच त्यासाठी निचऱ्याचे चर खोदावे लागले. शेतकऱ्याला हे उतारा घटल्यावर कळले. बायकांना त्याच्या पुष्कळ आधी कळले होते. कारण डाळ शिजेना. हंड्यात पांढरा थर धरू लागला, साबणाला फेस येईना, चहा मचूळ लागे. 'विहिरीचे पाणी फिरले' असे बायका पाणवठ्यावर बोलत, आणि पुरुष ऐकून सोडून देत. पिण्यासाठी गोड पाण्याच्या विहिरीवर दूर जावे लागे. जमिनीचे दुखणे पहिल्यांदा बाईच्या पातेल्यात दिसले. पण पातेल्यात काय दिसले त्याची नोंद कोणत्या दप्तरात व्हावयाची?

ऊस तोडावयास घाटाकडची, बीड-पाथर्डीकडची माणसे येऊ लागली. त्यांच्यात मजुरीचा हिशेब 'कोयत्या'वर होतो. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको अशी जोडी. बाई मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, पहाटे उठून भाकरी करते, आणि हिशेबात ती अर्धा कोयता. त्यांच्या कोप्या गावाबाहेर पडत. एवढ्या वर्षांत त्यांच्यातली एकही बाई आपल्या हळदीकुंकवाला आलेली मी पाहिली नाही.

स्वराज्यानंतरचे कायदे मी भराभर सांगते, कारण ते पुरुषमंडळींच्या चर्चेत आपण पुष्कळ ऐकले आहेत. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणारी कुळे मालक झाली. वतनी जमिनींचा प्रश्न त्याआधीचा. डॉ. आंबेडकर १६ डिसेंबर १९३९ रोजी हरेगावी महार वतनदारांच्या परिषदेस आले होते. ती वतने १९५८ च्या कायद्याने गेली. नदीच्या वरच्या अंगाला प्रवरानगर येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभा केला, त्याचे पहिले गळीत १९५० चे. मग १९६१ चा कमाल धारणेचा कायदा आला. खाजगी कारखान्यांचे मळे सरकारने घेतले आणि १९६३ साली शेती महामंडळ स्थापले. ज्यांनी आपली जमीन कारखान्यास खंडाने दिली होती ते खंडकरी तेव्हापासून भांडत राहिले. त्यांना प्रत्यक्ष जमीन मिळू लागली ती २०१२ च्या सुमारास, म्हणजे देणाऱ्याच्या नातवंडांच्या हाती. मधल्या काळात मळ्यांवर राबलेल्या कामगारांच्या चाळी मोडकळीस आल्या, आणि घरापुरती दोन गुंठे जागा द्या, एवढीच त्यांची मागणी राहिली.

हे सर्व होईपर्यंत जमिनीचे तिसरे रूप दारात येऊन उभे राहिले होते : प्लॉट. श्रीरामपूर वाढले, आणि आपले गाव त्याच्या अंगणात आले. नोकरदार, पेन्शनर, मुलांच्या शिक्षणासाठी खेडी सोडून आलेली कुटुंबे, सर्वांस घर पाहिजे. त्यांत गैर काहीच नाही; आपल्या मंडळातल्या निम्म्या भगिनी अशाच घरांतून राहतात. शेतजमीन बिनशेती करून घ्यावी लागे, आराखडा मंजूर व्हावा लागे, रस्ते आणि खुली जागा सोडावी लागे. हे नियम १९६६ च्या महसूल संहितेत होते. ते डावलून गुंठ्या-गुंठ्याने जमिनी विकल्या गेल्या. तेव्हा राज्याला २००१ साली गुंठेवारीचा कायदा करून त्या घरांना नियमित करावे लागले.

सगळ्यात आधी प्लॉट कोणत्या जमिनीचे पडले? चोपण झालेल्या. पिकत नव्हती, भाव कमी होता, मालक विकावयास राजी होता. आता त्या घरांच्या भिंतींना लोणा धरतो. दरवर्षी गिलावा पोपडे धरून गळतो, आणि रंगाऱ्याला दोष दिला जातो. रंगारी बिचारा काय करील? भिंत जो क्षार ओढते आहे तो आजोबांनी उसाला दिलेल्या पाण्याने वर आणलेला आहे. तसेच निचऱ्याचे. जे चर आणि ओढे शेतातले जास्तीचे पाणी नदीकडे नेत, ते सपाटीकरणात बुजले. कालव्याच्या पोटचाऱ्या प्लॉटच्या कुंपणांत अडकल्या. मग खालच्या अंगाला ज्याचे शेत अजून शेत आहे त्याला पाणी मिळत नाही, आणि वरच्या अंगाला पावसाळ्यात अंगणात गुडघाभर पाणी. जुन्या विहिरी राडारोड्याने भरल्या आणि शेजारी बोअर घेतले. जिथे एके काळी पाणी हाताशी आले होते, तिथे आता मोटर रिकामी फिरते, हे पाहून आजेसासूबाईंना काय वाटले असते कोण जाणे.

आता नव्या मुंबईतल्या त्या दुसऱ्या बेलापूरविषयी. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे-रायगडच्या पंच्याण्णव गावांच्या भातखाचरांवर, मिठागरांवर नवे शहर वसवावयास घेतले. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या पुढारीपणाखाली शेतकऱ्यांनी मोठे आंदोलन केले, गोळीबारात पाच जण गेले, आणि पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना झाली. तेथे जमीन एका झटक्यात गेली, म्हणून सर्वांना एकदम दुखले आणि सर्व एकदम उठले. आपल्याकडे ती एकेक गट करून, एकेका घराच्या गरजेने जाते. कोणाच्या मुलीचे लग्न, कोणाचे ऑपरेशन, कोणाचे सोसायटीचे कर्ज. त्यामुळे येथे मोर्चा निघत नाही.

परंतु या तिसऱ्या पालटात एक गोष्ट पहिल्या दोहोंहून निराळी आहे, आणि ती आपल्याशी संबंधित आहे. कालवा आला, कंपनी आली, तेव्हा बाईची सही कोणी मागितली नव्हती. आता मागतात. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८६ साली चांदवडला बायकांचे मोठे अधिवेशन भरविले आणि त्यानंतर लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. बायकोच्या नावे जमीन करणारे शेतकरी तेव्हा आपल्याही जिल्ह्यात निघाले. वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क आपल्या राज्याने १९९४ साली आणि साऱ्या देशासाठी २००५ च्या दुरुस्तीने दिला; वडील तेव्हा हयात असोत वा नसोत, तो जन्मतःच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. म्हणून आज जमीन विकावयाची तर खरेदीदाराचा वकील पहिला प्रश्न विचारतो, 'बहिणींची हक्कसोड आहे का?'

मग भाऊबीज जवळ आली की बहिणीला निरोप येतो. साडी-चोळी होते, जेवण होते, आणि दुपारी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जावयाचे असते. मी हे अनेक घरांतून पाहिले आहे आणि भावांना सरसकट दोष द्यावयास मी तयार नाही. पुष्कळांनी बहिणींच्या लग्नात कर्ज काढलेले आहे, आणि माहेरचे दार उघडे राहावे म्हणून हक्क सोडणारी बहीण मूर्खही नाही. तिचा हिशेब तिला ठाऊक असतो. ऊस होता तोवर तो हिशेब जमतही होता, कारण जमीन माहेरातच राहत होती. दिवाळीला गेले की बांधावर उभे राहता येई. प्लॉट पडल्यावर बांधच उरत नाही. काय सोडले हे पाहावयाला जागा राहत नाही, आणि चौरस फुटाचा भाव मात्र तिला शेजारणीकडून कळतो.

सही करावी की न करावी हे मी कोणास सांगणार नाही. पण सही करण्यापूर्वी, आणि नवे घर घेणारींनी इसार देण्यापूर्वी, दोन कागद पाहावे. सातबारा आता घरबसल्या फोनवर दिसतो. त्यात इतर हक्काच्या रकान्यात कोणाची नावे आहेत ती वाचावी. दुसरा कागद गावनकाशा. तो भूमी अभिलेखाच्या कचेरीत मिळतो. शिवारातले ओढे, गाडीवाटा, पाणंदी त्यात दाखविलेल्या असतात. मागच्या पावसाळ्यात आपल्यापैकी दोघी तो नकाशा घेऊन, ज्या गल्लीत दरवर्षी पाणी तुंबते तेथे गेल्या. ज्या जागी पाणी उभे होते त्याच जागी नकाशात ओढा होता.